बॅच नंबर

दहा किलोचं पोतं. वर हसरी मांजर छापलेली.
दारव्ह्याच्या टेम्पोतून आलं, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात,
फवारणीच्या डब्यांशेजारी की डब्यांखाली,
ते मी तेव्हा पाहिलं नाही.
आता रोज पाहतो.

गाव हसलं आधी. "भाकर पुरेना काय गा मांजराइले?"
मग नसीमाबीनं पाव किलो नेलं, लंगड्या बोक्यासाठी.
मग पोस्टातल्या खडसेबाईंनी.
मग पाचवीतली आरोही गायगोले,
दहाचं नाणं, कागदाची पुडी, रोज शाळा सुटल्यावर.
खोबरावडीच्या जुन्या बरणीत ओतायचो मी,
मापायला चहाचा कप.
दाणे माशांच्या आकाराचे, काही चांदण्यांच्या.

माझ्या दुकानची पिठोरी जवळ आली,
हुंगलं,
पुढच्या पायानं फरशीवर माती ओढली,
फरशीवर, जिथं माती नव्हती,
आणि निघून गेली.
मी म्हटलं, लाडावली.

मंगळवारी बोक्याला उलट्या.
बुधवारी खडसेबाईंची दोन पिल्लं चुलीमागून उठलीच नाहीत.
दवाखान्यातले डॉक्टर बैलांचे.
सर्वात बारीक सुई शोधेपर्यंत त्यांचे हात थरथरले.
"काय खाल्लं होतं?"
कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.
त्यानंच कळलं.

मग तो फोन. हिंदीसाठी दोन दाबा.
दाबलं. बासरी वाजली. किती वेळ वाजली.
मग एक मुलगी, फार सभ्य:
बॅच नंबर सांगाल का?

पोतं संपलं तसं नेवारे घेऊन गेला होता पायपुसण्याला.
त्याच्या दारात उकिडवा बसलो.
हसरी मांजर जमिनीकडं तोंड करून पडलेली.
उलटवली. के, सात, एक,
आणि पुढं त्याच्या म्हातारीच्या टाचा,
आणि पुढं काळी माती.

"पूर्ण नंबर लागेल, सर."

उधारीची वही काढली.
पैशासाठी नाही असं पहिल्यांदाच.
अकरा नावं. अकरा उंबरठे.
जे उरलं असंल ते द्या, जे दिलं असंल ते सांगा.
कोणी पुडी दिली, कोणी शिवी,
कोणी चहा दिला, तो मात्र गिळला नाही.
नसीमाबीनं चाळीस रुपये मोजून हातावर ठेवले.
"नको," म्हटलं.
"बोक्याचं खानं होतं. फिटाले पाह्यजे."
बोका मागे, बोरीच्या झाडाखाली, नवी माती.

रात्री साडेनऊला आठवलं.
आरोही वहीत नव्हती.
ती रोख द्यायची.

गायगोलेंच्या ओट्यावर ती पाढे लिहीत होती.
"आरोही, मांजरीला किती दिलं?"
"नाई दिलं काका. आजी म्हनते,
कोनाले द्याच्या आंधी आपन चाखून पाहावं.
कडू होतं. रोज चाखलं, रोज कडू.
म्या नालीत टाकलं."
"मग रोज कशाला घेत होतीस?"
"म्हनलं, उद्या तरी चांगलं निंगन."

मोटारसायकल कशी सुरू केली आठवत नाही.
ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनं जीभ पाहिली, पोट दाबलं,
विचारलं, मुलीचे तुम्ही कोण?
मी म्हटलं, दुकानदार.
पहाटेपर्यंत बाकावर बसून होतो.
तिला काही झालं नाही.
सकाळी तिनं बिस्किट मागितलं.
मी पुडा फोडला, आधी एक स्वतः खाल्लं.
ती हसली. मी नाही.

पंधरा दिवसांनी मेसेज आला:
माहिती अपूर्ण असल्यानं तक्रार बंद करण्यात आली आहे.

दोष पोत्यात होता, की टेम्पोत, की माझ्या कोपऱ्यात,
जिथं उंदराचं औषधही असायचं,
अजून ठरलं नाही. मी ठरवू देत नाही.

बरणी राखेनं घासली. उन्हात ठेवली.
त्यात काही भरत नाही.
नवीन माल आला की तोंड उघडून
आधी पिठोरीसमोर सरकवतो,
तांदूळ असो, गूळ असो, खोबरं असो.
ती तिच्या वेळेनं येते.
गिऱ्हाईक उभं राहतं. कोणी घाई करत नाही.